वजाबाकीत उरलेले

पोरी,

तुझा मेसेज मंगळवारी रात्री दोन चाळीसला आला होता, मी सकाळी चहाच्या वेळी वाचला. "बाई, हे रात्रीत चार-चार वेळा उठून कडी बघतात. जेवायला भिंतीला पाठ लावूनच बसतात. माझ्याशी दोन शब्दांपलीकडे बोलत नाहीत. आत्या म्हणतात, फौजी माणूस असाच असतो, मनाला लावून घेऊ नको. मी काय करू?" लगेच फोन करणार होते. पण तुमच्या घरात फोनवर बोललेलं परसापर्यंत ऐकू जातं हे मला ठाऊक आहे. म्हणून लिहितेय. वाचून झालं की साड्यांच्या घडीत ठेव.

मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि एका फौजीबरोबर संसार केला, एवढ्या भांडवलावर बोलतेय. शिवाय तुझा नवरा चौथीपर्यंत माझ्या वर्गात होता. पाढे म्हणताना डोळे मिटून घ्यायचा आणि सतराच्या पाढ्यात हमखास अडखळायचा. त्याच्याबद्दल लिहिताना तोच डोळे मिटलेला पोरगा समोर येतो.

चावडीच्या भिंतीतली संगमरवरी पाटी तू पाहिली असशील. आपल्या भागात अशा पाट्या बऱ्याच गावांत आहेत. इंग्रजांनी लावलेल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, बाकी काही नाही. अपशिंग्याचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, त्या गावाला आज सगळा महाराष्ट्र अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखतो. मी चौथीच्या मुलांना दरवर्षी आपल्या पाटीपाशी न्यायचे आणि वजाबाकी घालायचे. गेलेल्यांतून मेलेले वजा करा. उत्तर आलं की सगळी एका सुरात ओरडायची, "बाई, एवढे धड परत आले!" मी शाबास म्हणायचे. किती वर्षं म्हणत होते कोण जाणे.

सुट्टीवर आलेल्या पोराला वेशीत पहिला प्रश्न हाच असतो, "धड आलास ना?" हात आहेत, पाय आहेत, डोळे आहेत, म्हणजे धड. पाय गेला तर पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे. कमरेखाली लुळा पडला तर खडकीला पॅराप्लेजिक केंद्र आहे. शहीद झाला तर चौकाला नाव लागतं. धड आलेला माणूस रात्री दोन चाळीसला कडी बघत उभा असेल तर त्याला काय म्हणायचं, ते गावाला माहीत नाही. मग "बाहेरचं झालंय" म्हणतात, नाहीतर "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणतात, आणि दोन्ही हळू आवाजात.

आमच्या घरात हे आधीपासून होतं. माझे आजेसासरे पहिल्या लढाईत लामावर, म्हणजे परमुलखातल्या मोहिमेवर गेले, आजच्या इराकातल्या बसऱ्याला उतरले आणि तिथून तैग्रिस नदीच्या काठानं वर. कूत-अल-अमारा नावाच्या गावात फौज अडकली. डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा, १४७ दिवस. आत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. धान्य संपत आलं तशी घोडी मारून खायची वेळ आली, आणि आपल्या लोकांनी धर्म बुडेल म्हणून कितीतरी दिवस त्या मांसाला हात लावला नाही. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. पुढं कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं, त्यात हजारो मेले. आजेसासरे वाचले आणि परत आले. धड.

सासूबाई या घरात आल्या तेव्हा म्हातारा साठीच्या आसपास होता. त्या सांगायच्या, रोज रात्री उशाखाली भाकरीचा तुकडा ठेवल्याशिवाय त्यांना झोप लागायची नाही. पोरं हसली तर कांबळं उचलून गोठ्यात जायचे. ते गेल्यावर घर झाडायला घेतलं तर उतरंडीमागं, वळचणीत, कांबळ्याच्या शिवणीत वाळून खडंग झालेले भाकरीचे तुकडे निघाले. घरात कणग्या भरलेल्या होत्या. सगळे म्हणायचे, म्हाताऱ्याची खोड.

तो वेढा पडला त्याच वर्षी, फेब्रुवारी १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरनं लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय साप्ताहिकात 'शेल शॉक' हा शब्द छापला होता. तोफगोळ्यांच्या माऱ्यातून जखम न होता आलेले, पण दिसेनासं झालेले, आठवण गेलेले शिपाई त्यानं पाहिले होते. पुढं व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकन सैनिकांनी आरडाओरडा केला तेव्हा कुठं १९८० साली तिकडच्या मानसोपचाराच्या पुस्तकात पीटीएसडी हे नाव चढलं. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव विकार म्हणतात, पण बोलताना कुणी म्हणत नाही. तूही डॉक्टरपुढं पीटीएसडीच म्हण.

तुझ्या नवऱ्याला तेच झालंय असं मी म्हणत नाही. तो येऊन किती दिवस झाले? तुझ्या मेसेजवरून मी बावीस मोजले. तिकडं खोऱ्यात रात्री चार वेळा उठून बघणाराच जिवंत राहतो. त्या अंगाला कोरेगावच्या एसटी स्टँडवर उतरल्यावर कुणी सांगितलं नाही की आता नको बघूस म्हणून. काही आठवडे जाऊ देत. बहुतेक पोरांचं हळूहळू निवळतं. महिना उलटला आणि कमी होण्याऐवजी वाढत चाललं, बाहेर पडणं बंद झालं, झोपेतली ओरड रोजची झाली, घरच्यांकडं बघूनही काही वाटेनासं झालं, तर मात्र थांबायचं नाही. मी थांबले. किती, ते सांगते.

ह्यांची पलटण ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेत गेली. भारतीय शांतिसेना. आमची मुलगी तेव्हा दीड वर्षाची. मे १९८८ मध्ये हे पहिल्यांदा सुट्टीवर आले. धाकट्या दिरानं गाडी जुंपली आणि आम्ही स्टेशनवर घ्यायला गेलो. गाडीत काळी ट्रंक, होल्डॉल, माझ्या मांडीवर पोर. स्टेशनपासून गावापर्यंत पाच मोऱ्या लागतात. पहिली मोरी दिसली तसे हे म्हणाले, "थांबव." उडी मारून पुढं गेले, वाकले, एका बाजूनं मोरीखाली पाहिलं, पलीकडं जाऊन त्या बाजूनं पाहिलं आणि हात हलवून आम्हाला 'या' केलं. दिराला वाटलं लघवीला उतरले. दुसऱ्या मोरीला तेच. तिसऱ्या मोरीला दीर हसला. चौथ्या मोरीला कुणी हसलं नाही. पाचव्या मोरीपाशी बैल आपणहून थांबले.

जाफन्याच्या बाजूला सुरुंग रस्त्यात आणि मोऱ्यांत पुरलेले असत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे सांगत नव्हते. मी विचारत नव्हते.

त्याच सुट्टीतली एक रात्र. पोर तापानं रडत होती म्हणून मी ह्यांना खांद्याला धरून हलवलं. पुढच्या क्षणी माझं मनगट त्यांच्या मुठीत आणि कोपर माझ्या गळ्यावर. दोन-तीन सेकंद असेल. मग ओळख पटली. ते उठून अंगणात गेले आणि उजाडेपर्यंत तुळशीकट्ट्याला टेकून बसले. मनगट पंधरा दिवस काळंनिळं होतं, मी बांगड्या त्यावर ओढून शाळेत जात होते. त्या रात्रीबद्दल आम्ही दोघांनी अकरा वर्षं शब्द काढला नाही.

तेव्हा तू त्याला हात लावून उठवू नकोस. दिवा लाव, पायाशी, त्याचा हात पोचणार नाही एवढं अंतर ठेवून उभी राहा आणि नावानं हाक मार. तू मेसेजात 'हे' लिहितेस, म्हणजे तुमच्याकडंही नाव घेत नसणार. माझ्या वेळी तर नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं तेवढंच. मी पहिल्यांदा अंधारात ह्यांना नावानं हाक मारली ती पलीकडच्या खोलीत सासूबाईंनी ऐकली आणि सकाळी चुलीपाशी मला चार शब्द सुनावले. सुनावू देत. स्वतःचं नाव कानावर पडलं की हे लवकर भानावर यायचे. मग जे समोर असेल ते साधं बोलत राहायचं, मी आहे, आपण घरी आहोत, बाहेर पाऊस लागलाय, म्हैस व्यायला झालीय.

एक मात्र वेगळं काढून ठेव. झोपेत गळ्यावर आलेला हात निराळा. जागेपणी, शुद्धीत हात उचलला तर ते आजारात घालायचं नाही. तशी वेळ आली तर रात्रीचे कितीही वाजले असोत, माझ्या दाराची कडी वाजव.

आता बोलण्याचं. तू लिहितेस, फोनवर सुद्धा 'सगळं मजेत' एवढंच म्हणायचा. पोरी, फौजी माणूस घरी खरं कळवत नाही, ही रीत फार जुनी. पहिल्या महायुद्धात फ्रान्सहून आलेली हिंदी शिपायांची पत्रं सरकार उघडून वाचायचं, तर ते पत्रात लिहायचे की काळी मिरी संपत आलीय, आता लाल मिरची वापरतायत. काळी मिरी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. आज पत्र कुणी उघडत नाही, पण माणूस स्वतःच आपलं पत्र कापतो. घरच्यांना काळजी नको म्हणून एक ओळ कापतो, आपली आपल्याला लाज वाटते म्हणून दुसरी. शेवटी 'सगळं मजेत' उरतं.

घरच्यांनी त्याला काय कळवायचं त्यात मात्र थोडी कापाकापी करायला हवी, ती कुणी करत नाही, आणि इथं मी तुझ्या बाजूच्यांना बोल लावेन. ह्यांच्या काळी पत्र मार्फत ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपाल कार्यालयातून जायचं. बांधावरून चुलत्याशी भांडण झालं की मी रागानं चार पानं लिहायचे, ती पोचेपर्यंत बारा दिवस, उत्तर येईपर्यंत महिना. तोवर भांडण मिटलेलं असायचं. आता बांधावर उभं राहूनच व्हिडिओ कॉल लावतात. तो तिकडं पोस्टवर, हातात रायफल, दोन तासांनी गस्तीला निघायचंय, आणि कानात भाऊबंदकी. त्याला ना येता येतं ना झोपता येतं. तुझ्या दिरांना सांग, जमिनीचा विषय फोनवर नको. कागद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा, ती लोकं तहसीलदाराकडं पाठपुरावा करतात.

गावातल्या पोरांनाही आवर. पारावर बसवून विचारतात, "किती टिपले?" तू विचारू नकोस, कुणी विचारलं तर विषय बदल. परवा म्हणे तरुण मंडळ त्याचा सत्कार करणार होतं, डीजे लावून. तो नको म्हणाला आणि तुला त्याचं वाईट वाटलं. मला बरं वाटलं.

विचारायचं नाही तर कळायचं कसं? समोरासमोर बसून, चहा पुढ्यात ठेवून "मन मोकळं करा" म्हटलं की फौजी माणूस उठून बाहेर जातो. हातांना काम आणि नजर खाली, अशा वेळी बोलणं सुटतं. आमच्याकडं ते शेंगा फोडताना सुटलं.

जून १९९९. हे १९९७ मध्येच हवालदार म्हणून पेन्शनला आले होते. टीव्हीवर कारगिल चालू होतं. तिरंग्यातल्या पेट्या, गावंच्या गावं लोटलेली, फुलांचा पाऊस. ५२७ जण गेले त्या लढाईत आणि देश रडला, तेही योग्यच. हे बियाण्याच्या शेंगा फोडत होते, मीही. टीव्हीकडं न बघता म्हणाले, "आमच्या वेळी मद्रासच्या बंदरावर मुख्यमंत्री आला नाही." खरं होतं ते. मार्च १९९० मध्ये शांतिसेनेची शेवटची तुकडी परतली तेव्हा तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी, करुणानिधींनी, स्वागताला जायचं नाकारलं होतं. अकराशेहून अधिक जवान ठेवून आले होते आपण तिथं. ह्यांची पलटण आधीच परतलेली, तरी ते त्यांच्या काळजात बसलं होतं. कुणासाठी लढलो, हे कुणी सांगेना, आणि लढून आलो हेही कुणी बोलेना. ज्या लढाईवरून आलेल्याला गाव खांद्यावर घेतं त्या लढाईचंही ओझं असतंच, पण उचलायला चार हात तरी लागतात.

मग शेंगांचं टरफल बोटानं कुस्करत ते पुढं बोलले. त्यांचा एक जोडीदार होता, एकाच भरतीचा, खटाव तालुक्यातला. त्या सकाळी रस्ता तपासायला ह्यांची पाळी होती. पोट बिघडलं होतं म्हणून जोडीदार म्हणाला, तू थांब, मी जातो. दुसऱ्या मोरीला सुरुंग फुटला. बस, एवढंच. अकरा वर्षं हे पोटात होतं. जोडीदाराचं गाव आमच्यापासून एसटीनं दोन तासांवर, आणि हे एकदाही तिकडं फिरकले नव्हते. त्या तालुक्यातलं लग्न असलं तर यांचा ताप ठरलेला.

मी नेलं ह्यांना. न्यावं की न्यावं नाही, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. आज डॉक्टरला विचारूनच नेलं असतं. जोडीदाराची आई ओसरीवर बसली होती, डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं ह्यांचा चेहरा हातांनी चाचपला. हे सगळं सांगायचं ठरवून आले होते, पाळी, पोटदुखी, सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना. तिनंच विचारलं. एवढंच विचारलं, "त्या दिशी सकाळी त्यो जेवला हुता का रं?"

हे म्हणाले, "व्हय. पुरी आन् बटाट्याची भाजी. दोन वेळा घेतली."

म्हातारी मान हलवत राहिली. तो खरंच जेवला होता का, हे मी ह्यांना आजवर विचारलेलं नाही. पाळीची गोष्ट त्यांनी पुढच्या खेपेला सांगितली. ती म्हणाली, पोट दुखणाऱ्याला थांबवलं, त्याचा स्वभावच तसला. त्या वर्षापासून ती जाईपर्यंत दिवाळीचा फराळ आमच्याकडून जायचा.

यानं हे बरे झाले असं समजू नकोस. झोप त्यानंतरही तुटकीच होती. मधली अकरा वर्षं कशात गेली ते आता ऐक, म्हणजे तू त्या वाटेनं जाणार नाहीस. सासूबाईंनी देवऋषी केला. अंगारे, लिंबू, दर अमावास्येला कोंबडा. माझी त्यावर तक्रार खर्चाची नाही, वेळेची आहे. त्यानंतर कँटीनची रम. सुट्टीवर आलेला फौजी म्हटलं की भाऊकी ग्लास घेऊनच बसते आणि नको म्हणणाऱ्याला बायकोचा बैल म्हणते. रमनं डोळा लागतो लवकर, ते खोटं नाही. पण पहाटे तीनला खाडकन जाग येते आणि स्वप्नं दुप्पट होतात. हे आमच्याकडं महिन्याचा कोटा दहा दिवसांत संपवायला लागले तेव्हा मी बाटलीवर पेन्सिलीनं खुणा करायचे. भांडण बाटलीवरून काढू नकोस, झोपेवरून काढ. "तुम्ही पिता" म्हटलं की माणूस चिडतो. "तुम्हाला झोप नाही, मलाही नाही, काहीतरी करू" म्हटलं तर निदान ऐकतो. शेवटी एका शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. चार मिनिटांत झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या, श्रीलंकेचं नावही निघालं नाही. त्या गोळ्यांवर आणखी दीड वर्ष.

चांगला डॉक्टर भेटला तो फार पुढं. त्यानं पहिल्यांदा मला बाहेर बसवलं, मग ह्यांना बाहेर बसवून मला विचारलं, "तुम्ही किती झोपता?" तोवर मला कुणी विचारलं नव्हतं. ठरावीक दिवशी जाऊन बोलायचं, जे टाळतो त्याच्या थोडंथोडं जवळ जायचं, सोबत रोजची गोळी. गोळीचा गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, आणि नेमकी तेव्हाच लोक ती 'काही उपयोग नाही' म्हणून टाकतात. तुमच्याकडं ती सोडायची झाली तर डॉक्टरनं सोडायची, आत्यांनी नाही.

तुझा नवरा सर्विसमध्ये आहे, त्यामुळं त्याची भीती निराळी असणार. फौजेच्या मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीच्या श्रेणीत, शेप म्हणून पाच अक्षरं असतात. त्यातलं पहिलं, एस, मनाचं. ते एक खाली आलं की प्रमोशन केडर, चांगलं पोस्टिंग, सगळं अडतं, आणि लंगरात चर्चा होते ती वेगळीच. ही भीती खोटी आहे असं मी तुला सांगणार नाही. पण कॅटेगरी काही काळापुरती खाली करून परत डॉक्टरांचा बोर्ड बसवतात, बरा झालेला माणूस वर येतो. दडवून ठेवलेला माणूस रायफल घेऊन पहाऱ्यावर उभा असतो, ते जास्त वाईट. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात फौजी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याची वेगळी शाखाही सुरू झाली. तो लावत नसेल तर तू लाव. तुझ्या स्वतःसाठी लाव. आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद, चिठ्ठी, बोर्डाची प्रत एका पिशवीत ठेव. उद्या पेन्शनच्या वेळी आजार नोकरीत जडला की नाही असा प्रश्न निघाला तर तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

तो कधी म्हणाला की माझ्याशिवाय तुम्हा सगळ्यांचं बरं चाललंय, किंवा एकाएकी वस्तू वाटायला लागला, पीएफचे कागद समजावायला लागला, तर घाबरून गप्प बसू नकोस. सरळ विचार, जीव द्यावासा वाटतो का? विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही. असला तर बाहेर येतो. मग त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आजच्या आज एक कर. फवारणीची औषधं घरातून काढून शेतातल्या खोलीत कुलपात टाक, किल्ली तुझ्याकडं. सासऱ्यांची परवान्याची बंदूक माळ्यावर आहे, ती रीतसर दुसरीकडं जमा करायला त्यांना मी सांगेन. माझं ऐकतात ते, त्यांचाही पाढा मीच पक्का करून घेतलाय. नाही, त्यांचा नाही, त्यांच्या धाकट्या भावाचा. वय झालं.

राहता राहिली तू. ह्यांच्या वेळी गावात तार आली की बायकांच्या पोटात गोळा यायचा. आपला पोस्टमन शहाणा होता. लांबूनच ओरडत यायचा, "मनिऑर्डर हाय, मनिऑर्डर!" म्हणजे घंटी वाजली तरी कुणी भिंत धरू नये. तुझ्या पिढीला तेवढीही सवड नाही, टीव्हीच्या खालच्या पट्टीत 'चकमक' शब्द धावतो आणि गावाचं नाव यायला दहा सेकंद लागतात. तो परत गेला की ते चॅनेल बंद ठेव. दिवसातून एकदा बातमी बघ, बास. माहेरी जायचं असेल तर जा, त्याच्या सुट्टीत गेलीस म्हणून कुणी बोट दाखवेल असं वाटत असेल. मी दाखवू देणार नाही.

आणि तुझ्या पोटात आहे त्याचं. आमच्या मुलीला लहानपणापासून सांगितलं, बाबा झोपलेत, आवाज नको. आज ती अडतीस वर्षांची आहे, पुण्यात फ्लॅट आहे, नवरा बँकेत, फटाक्यालाही न घाबरणारा. ती अजून दार लावताना कडी बोटांत धरून, अलगद, आवाज न करता बसवते. परवा मी पाहिलं, तिची सहा वर्षांची पोरगीही तशीच बसवते. तिला कुणी शिकवलेलं नाही. तुमच्या घरात दारं दणादण वाजू देत.

हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं, त्यांना विचारल्याशिवाय मोऱ्यांचं आणि मनगटाचं लिहिलं नसतं. उखाण्यापाशी हसले. म्हातारीपाशी "थांब" म्हणाले, उठून तांब्याभर पाणी पिऊन आले, मग "वाच" म्हणाले. सगळं झाल्यावर बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले. म्हणाले, "त्या पोराला यातलं काही सांगू नको म्हणावं तिला. फक्त सांग, हवालदारांच्या विहिरीवरची मोटर बिघडलीय, एकट्याला वर काढता येत नाही, रविवारी संध्याकाळी हाताखाली ये."

मोटर ठणठणीत आहे. काल रात्रीच उसाला पाणी दिलं.

तुझी,
बाई